फ्रेझरच्या मुखापासून पोर्ट हार्डीपर्यंत: सॅल्मनच्या पिल्लांच्या भुकेच्या वाटेनं

पहिला दिवस: स्टीव्हस्टन

या प्रवासासाठी मे महिन्याचा शेवट आणि जूनची सुरुवात, एवढीच वेळ खरी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीच्या वरच्या अंगाला चिल्को, क्वेनेल, शुस्वॅप अशी तळी आहेत. सॉकाय सॅल्मनची पिल्लं तिथे साधारण एक वर्ष काढून एप्रिल-मेमध्ये समुद्राकडे निघतात. मेच्या अखेरीला त्यांची आघाडी व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली जॉर्जिया सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेच्या बेटांत शिरलेली असते आणि मागची पिल्लं अजून दक्षिणेतच असतात. त्यामुळे याच दिवसांत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेलं, तर वाटेतल्या प्रत्येक पाण्यातली पिल्लं बघायला मिळतात आणि कुठे त्यांचं पोट भरतं, कुठे उपास घडतो, ते पडताळता येतं.

हे पडताळायचं कारण जुनंच आहे. रिचर्ड बीमिश आणि कॉनरॅड मान्केन यांनी २००१ मध्ये मांडलं होतं की सॅल्मनची समुद्रातली मरतूक दोन टप्प्यांत होते. पहिली समुद्रात उतरल्यावर लगेच, मुख्यतः मोठ्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी पडून. दुसरी पहिल्या हिवाळ्यात; जी पिल्लं उन्हाळ्यात पुरेशी वाढलेली नसतात, त्यांच्याकडे हिवाळा निभावण्याएवढा साठा नसतो. दोन्ही ठिकाणी वाढ हाच मुद्दा. लवकर मोठं झालेलं पिल्लू कमी शत्रूंच्या तोंडात मावतं आणि त्याच्या अंगात चरबीही जास्त असते.

सकाळी स्टीव्हस्टनच्या धक्क्यावरून होडी सोडली की गढूळ पाणी लागतं. डोंगरातलं बर्फ वितळून फ्रेझरला या दिवसांत पूर आलेला असतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर पातळ थर करून पसरतं. रॉबर्ट्स बँक आणि स्टर्जन बँक या उथळ पट्ट्यांच्या पुढे गेल्यावर तपकिरी आणि हिरव्या पाण्याची सीमारेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते. फेस, ओंडके, काटक्या, पाण्यात पडलेले किडे या रेषेवर गोळा होतात. दोन पाणी जिथे भेटतात तिथे प्रवाह आत ओढला जातो, म्हणून प्राणिप्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगणारे बारीक जीव, तेही तिथेच दाटतात. पिल्लं शोधायची तर आधी ही रेषा शोधावी.

इथे पहिलं काम सीटीडी खाली सोडायचं. क्षारता, तापमान आणि खोली एकाच वेळी टिपणारं हे यंत्र पाण्यात सोडल्यावर मिनिट-दोन मिनिटं पृष्ठभागाखाली नुसतं धरून ठेवावं लागतं, म्हणजे त्याच्या नळीतली हवा निघून जाते आणि पंप सुरू होतो. मग सेकंदाला अर्धा मीटर वेगानं खाली. नदीच्या मुखाशी क्षारता पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच झपाट्यानं बदलते. एरवी चालणारा सेकंदाला एक मीटरचा वेग इथे ठेवला तर नेमका तोच बदल आकड्यांत पुसट होतो. नोंद खाली जातानाचीच धरावी; वर येताना यंत्र स्वतःच पाणी ढवळत येतं.

सगळ्या जातींची पिल्लं या मुखाचा सारखा उपयोग करत नाहीत, आणि पुढचा सगळा हिशेब या फरकावर उभा आहे. सॉकायची पिल्लं आठ-नऊ सेंटीमीटरची होऊन येतात आणि इथे फारशी थांबत नाहीत. पिंक आणि चम सॅल्मनची पिल्लं अंड्यातला पिवळा साठा संपताच नदी सोडतात. पिंकचं पिल्लू जेमतेम सव्वातीन-साडेतीन सेंटीमीटर लांब आणि पाव ग्रॅमच्या आसपास वजनाचं असतं. या लहानग्यांचे समुद्रातले पहिले आठवडे किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात जातात. चिनूकची बरीच पिल्लं मुखाजवळच्या दलदलीत किडे आणि लहान कवचधारी खात रेंगाळतात. हॅरिसन नदीचे सॉकाय हा वेगळाच अपवाद: ते तळ्यात वर्ष न काढता त्याच वर्षी समुद्रात येतात आणि जॉर्जिया सामुद्रधुनीत इतर सॉकायपेक्षा बराच जास्त काळ राहतात. त्यामुळे नुसतं 'सॉकायची पिल्लं' असं लिहून ठेवलेली नोंद अर्धवट. कोणत्या तळ्याची, हे पराच्या तुकड्यातल्या डीएनएवरून ठरवावं लागतं.

सम वर्षी हा प्रवास केला तर एक गोष्ट विसरू नये. फ्रेझरचे पिंक सॅल्मन विषम वर्षांत अंडी घालायला परततात, म्हणून त्यांची पिल्लं सम वर्षांच्या वसंतात समुद्रात उतरतात. त्या वर्षी त्याच अन्नावर खाणारी तोंडं कितीतरी वाढलेली असतात. सम आणि विषम वर्षांची सरासरी एकत्र काढली तर ही स्पर्धा आकड्यांतून नाहीशी होते.

दुसरा दिवस: नानायमो आणि जॉर्जिया सामुद्रधुनीचा मध्य

त्सावासनहून ड्यूक पॉइंटची फेरी दोन तासांत व्हँकुव्हर बेटावर आणते. सहा मीटरची उघडी होडी ट्रेलरवर लादून हायवे १९ नं उत्तरेकडे सरकत जायचं आणि रोज नव्या ठिकाणी पाण्यात सोडायची, ही पद्धत मोठं जहाज भाड्यानं घेण्यापेक्षा या कामाला जास्त सोयीची. पिल्लं किनाऱ्याजवळच्या अरुंद वाटांतून जातात, आणि तिथे मोठं जहाज फिरवता येत नाही.

नानायमोला पॅसिफिक बायोलॉजिकल स्टेशन आहे, १९०८ पासूनचं. जे. आर. ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात काम करणाऱ्यानं पाठच करावा. त्यांनी सॉकायची पिल्लं वेगवेगळ्या तापमानांत आणि वेगवेगळ्या शिध्यावर वाढवली. पोटभर खायला असताना वाढ सर्वांत जोमदार झाली १५ अंश सेल्सियसच्या आसपास. शिधा रोज शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणला, तेव्हा सर्वांत चांगली वाढ ५ अंशांच्या आसपास आली. कारण सरळ आहे: पाणी गरम तसा शरीर नुसतं चालू ठेवण्याचा खर्च जास्त. खाल्लेल्यातून आधी हा खर्च, मग पोहण्याचा, मग पचनाचा, मग मलमूत्रातून जाणारा भाग वजा होतो. उरेल ती वाढ. अन्न भरपूर असेल तर गरम पाणी वाढीला मदत करतं. अन्न तोकडं असेल तर तेच गरम पाणी पिल्लाला रोडावतं. म्हणून 'या वर्षी पाणी दोन अंशांनी गरम होतं, त्यामुळे पिल्लं वाढली नाहीत' हे वाक्य अन्नाची मोजणी सोबत नसेल तर लिहूच नये.

आजचं मुख्य काम प्राणिप्लवकाचं. जाळ्याची वीण २५० मायक्रॉन, तोंडाचा व्यास अर्धा मीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. १०० मीटरवरून सरळ वर ओढलं तर सुमारे १९.६ घनमीटर पाणी गाळलं जातं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात दोन गोष्टी बिघडतात. वाऱ्यानं होडी वाहत जाते आणि तार तिरकी होते. ती उभ्या रेषेपासून ३० अंश कलली, तर १०० मीटर सोडलेली तार जाळं फक्त ८७ मीटर खोल नेते. म्हणून तारेचा कोन प्रत्येक ओढीला मोजून लिहावा आणि तेवढी तार जास्त सोडावी. दुसरी गोष्ट जाळं तुंबणं. एकपेशीय डायटमचा बहर असेल तर वीण बुजते, पाणी आत न शिरता बाजूनं निघून जातं आणि माल कमी येतो. तोंडाशी बसवलेल्या प्रवाहमापकाचा आकडा ओढीच्या लांबीच्या मानानं फार कमी आला, तर तो नमुना टाकून द्यावा, जाळं धुवावं आणि कमी खोलीवरून पुन्हा ओढावं. तुंबलेल्या जाळ्यातून काढलेली 'अन्नटंचाई' खोटी असते.

नमुन्याचे दोन भाग करायचे. एक भाग बोरॅक्स घातलेल्या पाच टक्के फॉर्मालिनमध्ये, जातींची मोजदाद करायला. दुसरा भाग एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून काढायचा: २ मिलिमीटर, १ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर आणि २५० मायक्रॉन. प्रत्येक चाळणीवरचा माल वेगळा, ६० अंशांवर वाळवून वजन करायचं. हा आकारवार भाग टाळू नये. सॉकाय डोळ्यानं हेरून एकेक भक्ष्य उचलतो. बारीक कोपेपॉड (प्राणिप्लवकातले चिमुकले कवचधारी) हजारोंनी असले तरी ते पकडण्यात जाणारी मेहनत वसूल होत नाही. एकूण वजन सारखं असलेली दोन पाणी पिल्लाच्या दृष्टीनं एक भरल्या ताटाचं आणि एक रिकाम्या ताटाचं असू शकतं.

या सामुद्रधुनीतला वसंतातला मोठा घास म्हणजे निओकॅलेनस प्लुमक्रस हा कोपेपॉड. पाचव्या अवस्थेत तो चार-पाच मिलिमीटरचा होतो आणि अंगात तेलाचा टपोरा साठा बाळगतो. मग मेच्या शेवटी, जूनमध्ये तो खाली बुडी मारतो, ३०० मीटरहून खोल, आणि पुढचे महिने तिथेच निपचित काढतो. पिल्लं वरच्या १५-२० मीटरांत. बुडी मारलेला निओकॅलेनस त्यांच्या दृष्टीनं नसल्यातच जमा. वनस्पतिप्लवकाचा वसंतातला बहर कधी फेब्रुवारीच्या अखेरीस येतो, कधी एप्रिलमध्ये; वादळी वारे कधी थांबतात आणि ऊन कधी वाढतं त्यावर ते ठरतं. बहर लवकर आला तर निओकॅलेनसही लवकर वाढतो, लवकर खाली जातो, आणि तळ्यातून निघालेलं पिल्लू आपल्या ठरल्या वेळी पोचतं तेव्हा पंगत उठलेली असते. गेल्या काही दशकांत या कोपेपॉडचं वेळापत्रक वर्षात आधी सरकलं आहे, हे या पाण्यातल्या जुन्या नोंदी सांगतात.

इथेच एक सावधगिरी. तळापासून ओढलेल्या जाळ्यात बुडालेला निओकॅलेनस आणि दिवसा खोल राहणारे मोठे क्रिल (कोळंबीसारखे लहान जीव) असे दोन्ही येतात. ते वजनात धरले की अन्न मुबलक वाटतं. पाण्यात अन्न असणं वेगळं आणि पिल्लाच्या तोंडाशी असणं वेगळं. म्हणून एक ओढ खोलवरून आणि एक फक्त वरच्या ३० मीटरांतून, अशा दोन्ही घ्याव्यात. आमच्या मते एकच घेण्याएवढा वेळ असेल तर वरची घ्यावी.

तिसरा दिवस: क्वाड्रा बेट, केप मजच्या आसपास

कॅम्पबेल रिव्हरहून क्वाड्राची फेरी दहा मिनिटांची. हा वी वाई काई आणि वी वाई कुम या मूळनिवासी लोकांचा मुलूख. हकाई इन्स्टिट्यूटचं केंद्र याच बेटावर आहे, आणि २०१५ मध्ये इथे वसंतात सॅल्मनच्या पिल्लांची नोंद सुरू झाली. सॅल्मन पकडायला, अगदी शास्त्रीय कामासाठीही, कॅनडाच्या मत्स्य आणि महासागर खात्याचा परवाना लागतो, आणि कोणत्या जातीची किती पिल्लं ठेवायची याची मर्यादा त्यात घातलेली असते.

आज जाळं टाकायचा दिवस. लहान होडीवरून हातानं ओढायचं पर्ससीन सुमारे ७० मीटर लांब आणि ९ मीटर खोल असतं. त्यातला एक भाग बारीक विणीचा, १३ मिलिमीटरचा. मासे शेवटी याच भागात जमतात. उरलेला भाग मोठ्या विणीचा, फक्त वेढा घालायला. वरच्या दोरीला तरंगते गोळे, खालच्या दोरीला शिसं आणि कड्या, आणि कड्यांतून ओवलेली आवळायची दोरी.

आधी थवा दिसला पाहिजे. वारा पडलेला असताना पाण्यावर पावसाच्या थेंबांसारखी वर्तुळं उठतात, मधूनच एखादं पिल्लू उडी मारतं. थव्याच्या पुढून, म्हणजे तो जात असतो त्या दिशेनं, जाळ्याचं टोक सोडावं. मागून घातलेला वेढा पिल्लं सहज चुकवतात. गोल पुरा झाला की आवळायची दोरी दोघांनी झपाट्यानं ओढायची. तळ बंद होईपर्यंतचा वेळ हाच निर्णायक. प्रवाह जोरात असेल तर जाळ्याचा तळ वर उचलला जातो आणि मासे खालून निसटतात. म्हणून टाकणं पाणी थांबण्याच्या वेळेच्या आगेमागेच ठेवावं.

बारीक विणीचा भाग पाण्यातच ठेवायचा, कोरडा कधीच करायचा नाही. पिल्लांचे खवले या वयात अगदी सैल असतात. कोरड्या जाळ्यावर घासली की खवले जातात आणि सोडून दिलेलं पिल्लूही जगत नाही. पाण्यासकट प्लास्टिकच्या भांड्यानं उचलावीत. जाती ओळखताना घाई नको. सॉकायचा डोळा मोठा, पाठीवर ठिपके नाहीत, आणि पहिल्या कल्ल्याच्या कमानीवर गाळणीचे काटे लांब आणि दाट, २८ ते ४०. पिंकच्या अंगावर पिल्लांचे ते उभे गडद पट्टे नसतात आणि खवले फार बारीक. चम सॅल्मनचे पट्टे आखूड, पाठीला हिरवट झाक. कोहोच्या गुदपराची पुढची कड पांढरी. एवढं करूनही शंका उरली तर पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये.

ठेवायची पिल्लं एमएस-२२२ या भुलीच्या औषधाच्या जास्त मात्रेत घालतात, लिटरला २५० मिलिग्रॅम. हे औषध पाणी आम्ल करतं, म्हणून तेवढ्याच वजनाचा खाण्याचा सोडा घालावा. सोडा विसरला तर पिल्लू तडफडतं, आणि तडफडणारं पिल्लू खाल्लेलं ओकतं. मग पोट रिकामं निघतं आणि नोंदीत उपास दिसतो, जो खरा नसतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर दहा मिनिटं थांबावं, नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये आणि वजन ०.१ ग्रॅमपर्यंत घ्यावं. नंतर लगेच कोरड्या बर्फात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये, कारण मेल्यावरही पोटातलं पचन चालूच राहतं.

पोट किती भरलेलं हे टक्क्यात मांडतात: पोटातल्या अन्नाचं वजन भागिले ते अन्न वगळून पिल्लाचं वजन, गुणिले शंभर. समजा पिल्लू १२ ग्रॅमचं आणि पोटात ०.१२ ग्रॅम, तर सुमारे १ टक्का. हा आकडा एकटा फसवा आहे. पिल्लं उजेडात खातात, म्हणून पहाटेचं पोट रिकामं आणि संध्याकाळचं भरलेलं असणारच. दोन ठिकाणांची तुलना करायची तर पकडण्याची वेळ सारखी ठेवावी. ती जमली नाही, तर हिशेबात वेळ धरावी.

पोटात काय आहे, तेही तितकंच महत्त्वाचं. इथल्या चांगल्या दिवशी माशांच्या अळ्या, खेकड्यांच्या अळ्या, हायपेरिड ॲम्फिपॉड (हेही लहान कवचधारी), लहान क्रिल, मोठे कोपेपॉड सापडतात. वाईट दिवशी ओइकोप्लुरा, म्हणजे श्लेष्माच्या घरात राहणारे पाणचट जीव, आणि खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलच्या बारीक अळ्या. पोट दोन्ही दिवशी तेवढंच फुगलेलं. पण माशाच्या अळीच्या एका ग्रॅममध्ये जी ऊर्जा असते, तिच्या मानानं जेलीसारख्या जीवाच्या ग्रॅममध्ये फारच थोडी असते. त्याचं बहुतेक वजन पाण्याचं. चमला असलं अन्न इतर जातींपेक्षा चांगलं मानवतं. सॉकाय ते नाइलाज म्हणून खातो. कोहो आणि चिनूकची पिल्लं थोडी मोठी झाली की माशांवरच जगतात, त्यात हेरिंगच्या पिल्लांचा वाटा मोठा. मार्चमध्ये व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, हॉर्नबी आणि डेनमन बेटांच्या परिसरात, हेरिंग अंडी घालतो. त्याची पिल्लं वेळेवर आणि तोंडात मावतील अशा आकाराची मिळाली, तर कोहोची वाढ उसळी घेते. हेरिंगची पिल्लं आधीच जास्त मोठी झालेली असतील तर समोर असूनही उपयोग नाही, उलट तीच प्लवक खाऊन स्पर्धा करतात.

चौथा दिवस: डिस्कव्हरी बेटं आणि सीमोर नॅरोज

आज घड्याळ प्रवाहाच्या हातात. सीमोर नॅरोजमध्ये उधाणाच्या दिवशी पाणी १५ नॉटपर्यंत धावतं. मधोमध असलेला रिपल रॉक हा खडक १९५८ च्या ५ एप्रिलला सुरुंगानं उडवला, तरी भोवरे आहेतच. कॅनडाच्या जलसर्वेक्षण सेवेचं प्रवाहांचं कोष्टक बघून, पाणी थांबण्याच्या वेळेआधी अर्धा तास तोंडाशी हजर असावं. भरतीचं कोष्टक आणि प्रवाहाचं कोष्टक एक नव्हे. भरती पूर्ण झाली म्हणजे पाणी थांबलं, असं इथे होत नाही. सर्ज नॅरोज, होल इन द वॉल आणि ओकिसोलो खाडीतल्या धावत्या पाण्यालाही हेच लागू.

सीटीडी इथे खाली सोडलं की पहिल्या दिवसाच्या अगदी उलट चित्र दिसतं. पृष्ठभागापासून शंभर मीटरपर्यंत तापमान आणि क्षारता जवळजवळ सरळ रेषेत. भरती-ओहोटीनं सगळं पाणी घुसळून एक केलेलं. खालून वर आलेली खतं, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, भरपूर असतात, पण वनस्पतिप्लवक वाढत नाही. घुसळण त्याला वारंवार अंधारात नेते. उजेडात पुरेसा वेळ राहिल्याशिवाय ते वाढणार कसं? ते नाही, म्हणून ते खाणारं मोठं प्राणिप्लवक कमी, म्हणून पिल्लांना खायला कमी. नायट्रेटच्या मोजणीवरून या पाण्याला समृद्ध म्हणणं ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते.

थोडा दिलासा तापमानाचा. उन्हाळ्यात दक्षिणेचं वरचं पाणी १५ अंशांच्या पुढे जातं, तर हे घुसळलेलं पाणी १० अंशांच्या आसपास राहतं. ब्रेटच्या प्रयोगाप्रमाणे तोकड्या शिध्यावर थंड पाणी बरं. खर्च कमी होतो. वाढ होत नाही, पण झीजही सावकाश होते.

समुद्री उवांची मोजणी इथे करावीच लागते. कॅलिगस क्लेमेन्सी आणि लेपिऑफ्थिरस साल्मोनिस या दोन जाती पिल्लांच्या अंगावर असतात. उवांनी ग्रासलेली सॉकायची पिल्लं भक्ष्यासाठीच्या चढाओढीत मागे पडतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे रिकामं पोट नेहमी पाण्यातल्या टंचाईमुळेच, असं धरता येत नाही. प्रत्येक पिल्लामागे उवांची जात, अवस्था आणि संख्या लिहावी. या बेटांत अटलांटिक सॅल्मन पाळण्याची शेतं होती; तिथून उवा पसरतात का, यावर बरीच वर्षं वाद झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं तिथल्या १५ शेतांचे परवाने पुन्हा न देण्याचा निर्णय जाहीर केला. त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकत्र करताना हे लक्षात असू द्यावं.

पाचवा दिवस: जॉन्स्टोन सामुद्रधुनी

सेवर्डच्या फाट्यावरून केल्सी बेला होडी पाण्यात सोडावी आणि पहाटेच निघावं. या शंभर किलोमीटरहून लांब, अरुंद सामुद्रधुनीत दुपारी पश्चिमेचा वारा उठतो. ओहोटीचं पाणी त्याच्याविरुद्ध पश्चिमेला धावत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि सहा मीटरच्या होडीला त्या धोक्याच्या. काम सकाळी अकरापर्यंत उरकावं. पश्चिम टोकाकडचं रॉबसन बाइट हे राखीव क्षेत्र ओर्का देवमाशांसाठी आहे, तिथे होडी नेऊ नये.

खुणा लावलेल्या पिल्लांच्या मागोव्यावरून ती दिवसाला साधारण १० ते २० किलोमीटर सरकतात असं धरता येतं. म्हणजे डिस्कव्हरी बेटांपासून या सामुद्रधुनीच्या टोकापर्यंत आठवडा ते दोन आठवडे कमी अन्नाच्या पाण्यात. एवढ्या काळात भूक शरीरात कशी दिसते, हे मोजायचे मार्ग वेगवेगळ्या वेगानं बोलतात आणि नेमकं इथेच गोंधळ होतो.

पोटातलं अन्न काही तासांची गोष्ट सांगतं. रक्तातला आयजीएफ-१ हा वाढीचा संप्रेरक गेल्या काही दिवसांची, आठवडाभराची. लांबी-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे ग्रॅममधलं वजन गुणिले १०० भागिले सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन, त्याहून सावकाश बदलतं. शिवाय चरबी खर्च होताना तिची जागा पाणी घेतं, म्हणून वजन टिकून दिसतं आणि उपाशी पिल्लू धडधाकट भासतं. ११ सेंटीमीटर लांब आणि १२ ग्रॅम वजनाच्या पिल्लाचं गुणोत्तर ०.९० येतं, त्याच्या मांसातलं पाणी मोजल्याशिवाय या ०.९० वर विसंबू नये. पिल्लाच्या कानातल्या चुन्याच्या बारीक खड्यावर रोज एक वलय पडतं, त्यावरून महिन्यांची दिनदर्शिका वाचता येते. फक्त उपासातही लांबी आणि खडा थोडे वाढत राहतात, म्हणून वलयं एकदम थांबलेली दिसत नाहीत, नुसती जवळजवळ येतात.

रक्त शेपटीच्या देठाजवळच्या शिरेतून, हेपरिन लावलेल्या बारीक सिरिंजनं काढायचं. दहा-अकरा सेंटीमीटरच्या पिल्लातून मिळतं ते थेंब-दोन थेंब. ते बर्फावर ठेवून लवकरात लवकर फिरवून रक्तद्रव वेगळा करावा आणि उणे ८० अंशांवर ठेवावा. गोठलेलं किंवा लालसर झालेलं रक्त मोजणीतून काढून टाकावं. या भागातल्या पिल्लांत आयजीएफ-१ कमी असल्याचं संशोधनात आलेलं आहे, आणि ते चौथ्या दिवशीच्या सरळ रेषांशी जुळतं.

सगळ्या सामुद्रधुनीत सारखाच दुष्काळ नसतो. मुख्य प्रवाहाच्या कडेला, खडकाआड, बेटांमागे पाणी मंदावतं आणि प्लवक साठतं. अशा ठिकाणी एका जाळ्यातली पिल्लं भरल्या पोटाची, आणि दोन किलोमीटरवर मधल्या धारेतली रिकामी. म्हणून या टप्प्यात जाळी टाकण्याच्या जागा जास्त आणि प्रत्येक जागेची पिल्लं कमी ठेवावीत. एकाच जाळ्यातल्या शंभर पिल्लांपेक्षा दहा जाळ्यांतली दहा-दहा पिल्लं कितीतरी जास्त सांगतात, कारण एका थव्यानं एकच थाळी खाल्लेली असते.

सहावा दिवस: पोर्ट हार्डी, क्वीन शार्लट सामुद्रधुनी

पोर्ट मॅकनीलच्या पुढे पाणी रुंद होतं, घुसळण ओसरते, वरच्या थरात पुन्हा उजेड आणि स्थैर्य मिळतं. खुल्या महासागराचं पाणी मोठे कोपेपॉड आणि क्रिल घेऊन येतं. चांगल्या वर्षी इथल्या पिल्लांची पोटं भरलेली असतात आणि खड्यावरची वलयं पुन्हा रुंदावतात. उपासानंतर अन्न मिळालं की पिल्लू काही काळ नेहमीपेक्षा जोरात वाढतं. मागे पडलेली वाढ अशी भरून निघू शकते, पण त्यासाठी इथे अन्न हवंच.

स्कीप मॅककिनेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'ट्रॉफिक गॉन्टलेट' (अन्नाच्या बाबतीतली खडतर वाट) हे गृहीतक मांडलं ते यावरूनच. मधला उपाशी टप्पा दर वर्षी असतो. पिल्लं दक्षिणेतून भरल्या अंगानं निघाली आणि उत्तरेला लगेच अन्न मिळालं तर तो निभावतो. दक्षिण किंवा उत्तर यांपैकी एक बाजू कोसळली तर तोच टप्पा जीवघेणा ठरतो. २००७ च्या वसंतात समुद्रात उतरलेल्या फ्रेझरच्या सॉकायचे प्रौढ २००९ मध्ये परतायचे होते. अंदाज एक कोटीच्या वर होता, आले सुमारे १५ लाख. या पडझडीची चौकशी करायला कोहेन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि त्यात एका कुठल्या कारणावर बोट ठेवलेलं नाही. पण २००७ मध्ये क्वीन शार्लट साउंडमध्ये वारे आणि गोड्या पाण्याचा थर असामान्य होता आणि वनस्पतिप्लवक कमी होतं, हे उपग्रहांच्या नोंदींत दिसतं. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, सुमारे २.८ कोटी सॉकाय परतले.

आजच्या पिल्लांची पहिल्या दिवसांच्या पिल्लांशी तुलना करताना मोठा सापळा आहे. उत्तरेत मिळालेली पिल्लं सरासरीनं मोठी असतात, आणि दोन ठिकाणच्या लांबीतला फरक दिवसांनी भागून दिवसाला एक मिलिमीटर वाढ, असा झटपट हिशेब निघतो. पण वाटेत लहान पिल्लं जास्त मेली असतील तर वाढ शून्य असतानाही सरासरी वाढते. याला उपाय कानातल्या खड्यात आहे. समुद्रात शिरतानाची खूण शोधून त्या दिवशी हे पिल्लू केवढं होतं ते उलट मोजावं. उत्तरेतल्या पिल्लांचा तेव्हाचा आकार दक्षिणेतल्या पिल्लांच्या तेव्हाच्या आकाराहून मोठा निघाला, तर वाढीबरोबर निवडही झाली आहे. तळ्यांचंही असंच: काही तळ्यांची पिल्लं मुळातच मोठी निघतात आणि आधी पोचतात. आधी डीएनए, मग तळ्यानुसार गट, मग तुलना, हाच क्रम ठेवावा.

पोर्ट हार्डीहून परतीला निघण्याआधी पिल्लांची वाटणी तिथेच करून घ्यावी. डोकं खड्यांसाठी कोरडं गोठवलेलं. फॉर्मालिनमध्ये कधीच नाही, कारण आम्ल झालेलं फॉर्मालिन खडा विरघळवतं. पोट वेगळ्या कुपीत. पाठीचा मांसाचा तुकडा मेदाम्लांसाठी उणे ८० अंशांवर, कारण साध्या फ्रीजरमध्ये काही महिन्यांत मेद खवट होऊन ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांचे आकडे घसरतात. पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये, आणि प्रत्येक कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली कागदी चिठ्ठी. बाहेरची शाई अल्कोहोलनं पुसली जाते.